आठ चाळीसला थांबलेली घड्याळे

(वाचकांचे प्रश्न : या महिन्यात नाशिकहून आलेली चार पत्रे)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे नाशिकची आहेत आणि ती एकाच व्यक्तिरेखेविषयी आहेत, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर मी तिलाच देत आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथाभाग थोडक्यात सांगते. चार्ल्स डिकन्स यांची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात त्यांच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पिप हा थोरल्या बहिणीच्या आणि तिच्या लोहार नवऱ्याच्या घरी वाढणारा पोरका मुलगा. जवळच्या गावातील मिस हॅविशॅम नावाची श्रीमंत बाई त्याला आपल्या घरी ‘खेळायला’ बोलावते. लग्नाच्या दिवशी ही बाई पोशाख चढवत असतानाच तिच्या नियोजित वराचे, कॉम्पेसनचे, लग्न मोडल्याचे पत्र आलेले असते. पत्र हाती पडले ती वेळ आठ वाजून चाळीस मिनिटांची. त्या वेळेवर तिने घरातील सर्व घड्याळे थांबवली आहेत, त्यानंतर सूर्यप्रकाश पाहिलेला नाही आणि अंगावरचा वधूवेशही उतरवलेला नाही. एस्टेला नावाची दत्तक मुलगी ती वाढवते आहे, आणि पुरुषांची मने मोडणे हेच त्या मुलीला शिकवते आहे.

प्रश्न : आमचा अकरा जणींचा वाचनगट आहे. गेल्या बैठकीत मिस हॅविशॅमवरून दोन तट पडले. काहींच्या मते ती सरळसरळ दुष्ट आहे, कारण तिने एका अजाण मुलीचे आयुष्य आपल्या सूडासाठी वापरले. काहींना तिची कीव आली. मला मात्र वेगळेच वाटले. लेखकाने एकट्या राहिलेल्या बाईचे भूत करून मुलांना घाबरवले आहे, आणि म्हणूनच ती इतकी प्रसिद्ध झाली आहे. मी चोपन्न वर्षांची आहे, अविवाहित आहे, घरी एकटी राहते, त्यामुळे ते चित्रण मला लागले, हे लपवत नाही. डिकन्स यांनी तिला न्याय दिला आहे असे आपल्याला वाटते का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि उत्तर लिहिण्याआधी कादंबरीचे आठवे प्रकरण पुन्हा उघडले, कारण आपली तक्रार खरी आहे की नाही हे तेथेच ठरते. पिप प्रथम त्या खोलीत जातो तेव्हा त्याला काय दिसते? मेणबत्त्यांचा उजेड, पांढरे साटीन, पांढरी लेस, केसांत वधूची फुले आणि ते केसही पांढरे. त्याला जत्रेत पाहिलेली मेणाची बाहुली आठवते, आणि चर्चच्या तळघरातून उकरून काढलेला, भरजरी कपड्यांच्या राखेत पडलेला सांगाडा आठवतो. भूत आहे ते एवढेच, आणि ते सात-आठ वर्षांच्या घाबरलेल्या मुलाने पाहिलेले आहे. संपूर्ण कादंबरी पिपच्या तोंडून येते, म्हणून हॅविशॅम आपल्याला आधी दिसते आणि ऐकू फार उशिरा येते. हे मान्य केले की आपली तक्रार अर्धी लेखकाच्या आणि अर्धी पिपच्या पदरात टाकावी लागते.

तिच्या वयाचा हिशेब करून पाहा, कारण वाचकांची सर्वांत मोठी गफलत येथे होते. बाविसाव्या प्रकरणात पिपचा मित्र हर्बर्ट सांगतो की ते लग्न पंचवीस वर्षांपूर्वी ठरले होते. त्या वेळी पिप अठरा-एकोणीस वर्षांचा आहे. म्हणजे तो लहानपणी प्रथम तिच्यासमोर उभा राहिला, तेव्हा लग्न मोडून सुमारे चौदा-पंधरा वर्षेच झाली होती. वधू ऐन पंचविशीत होती असे धरले, तर त्या मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेली बाई चाळीस वर्षांची होती! आपण सर्वांनी, चित्रकारांनी आणि नाटकवाल्यांनीसुद्धा, तिला ऐंशीची करून टाकले आहे. आपल्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान असलेली बाई मनासमोर ठेवून ते प्रकरण पुन्हा वाचा. मला खात्री आहे की ते वेगळे वाचले जाईल.

आता लेखकाने काय पाहिले आहे ते सांगते, कारण पोशाख आणि कोळिष्टके यांच्या झगमगाटात ते हरवून जाते. तिच्या एकाच पायात बूट आहे आणि दुसरा टेबलावर, हाताशी पडला आहे. बूट नसलेल्या पायातील रेशमी मोजा चालून चालून झिजून फाटला आहे. केवढी बारकाईची नजर आहे ही! याचा अर्थ ती बसून राहिलेली नाही, ती वर्षानुवर्षे त्या खोल्यांमधून फिरते आहे, आणि एका पायाने अनवाणी फिरते आहे. पुढे एकोणतिसाव्या प्रकरणात वकील जॅगर्स पिपला सांगतात की तिला खाता-पिताना आजवर कोणी पाहिलेले नाही. रात्री ती घरभर हिंडते आणि हाताला लागेल ते खाते. एकटे राहणाऱ्या माणसाचे जेवण हीच त्याच्या एकटेपणाची सर्वांत खासगी जागा असते, हे आपल्याला मी सांगायला नको. ताट वाढून घ्यावे की भांड्यातूनच खावे, बसावे की ओट्याजवळ उभ्यानेच उरकावे, हे निर्णय रोज एकटीने घ्यावे लागतात. डिकन्स यांनी ते दृश्य दाखवलेले नाही. पाठ फिरवून, दुसऱ्याच्या तोंडून, दोन वाक्यांत सांगितले आहे, आणि मला ती त्यांची माया वाटते.

तिच्या घरी माणसे येत नाहीत असे मुळीच नाही. अकराव्या प्रकरणात तिचा वाढदिवस आहे आणि कॅमिला, जॉर्जियाना, सॅरा पॉकेट ही नातेवाईक मंडळी हजर आहेत. ती दर वर्षी येतात, पण वाढदिवसाचा उल्लेख करण्याची त्यांना मनाई आहे, कारण लग्नाचा दिवसही तोच होता. लग्नाच्या टेबलावर केक कुजतो आहे, त्यात कोळी आणि उंदीर ये-जा करतात. आपण मरू तेव्हा आपल्याला याच टेबलावर ठेवतील, असे ती काठीने दाखवते आणि कोणत्या नातेवाइकाने कोणत्या बाजूला उभे राहायचे तेही सांगते. वारसाहक्काची वाट पाहणारे लोक आपल्या घरी का येतात हे तिला पक्के ठाऊक आहे. लग्नाआधी ज्या एका नातेवाइकाने, मॅथ्यू पॉकेटने, तिला सावध केले होते त्याला तिने त्या वेळी घराबाहेर काढले, आणि तो एकटाच आता येत नाही. माणसांनी भरलेल्या खोलीत खरे बोलणारा एकही माणूस नसणे हा तिचा एकटेपणा आहे, आणि त्यात तिचा स्वतःचाही हात आहे, हे लेखकाने कुठलेही प्रवचन न करता मांडले आहे.

घड्याळांविषयी आपण काही विचारलेले नाही, पण लग्नाच्या मुहूर्तासाठी घटका मोजणाऱ्या आपल्या समाजात ती प्रतिमा थेट पोहोचते, म्हणून थोडे लिहिते. अंगाला हळद लागली आणि लग्न मोडले, अशा मुलीविषयी आपल्याकडे जे कुजबुजले जाते ते आपल्या गटातील प्रत्येकीने कधी ना कधी ऐकले असेल. टळलेला मुहूर्त त्या मुलीच्या अंगावर चिकटवला जातो आणि लोक तिला त्याच क्षणात कायमची उभी करतात. हॅविशॅमने लोकांना ती संधी दिली नाही. लोक जे करणार होते ते तिने स्वतःच्या हाताने, अधिक कडकपणे करून टाकले. यात वेड आहे तसा मानही आहे, आणि त्या मानाकडे आपल्या गटातील दोन्ही तटांचे लक्ष गेलेले दिसत नाही.

मात्र एका ठिकाणी मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. संपूर्ण कादंबरीत तिचे पहिले नाव कुठेही येत नाही. तिला फसवणाऱ्या कॉम्पेसनच्या तोंडी, तिच्या सावत्र भावाच्या तोंडी, एस्टेलाच्या तोंडी, कुठेही नाही. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत होती आणि अजूनही काही घरांत आहे. मुलीचे जुने नाव तेथे संपते. या बाईचे लग्न झालेच नाही, तरी तिचे नाव गेले आणि ‘मिस’ एवढेच उरले. डिकन्स यांनी हे जाणूनबुजून केले असेल तर ती मोठी जाण आहे, आणि अनवधानाने झाले असेल तर आपली तक्रार तेवढी खरी आहे. मला दोन्ही शक्यता सारख्याच जवळच्या वाटतात.

प्रश्न : शेवटी तिला आगीत का ढकलले? पश्चात्ताप झाल्यानंतरही शिक्षा कशासाठी? पंचवटीत राहणाऱ्या माणसाला नाकारलेल्या बाईच्या शिक्षेची गोष्ट नवी नाही. आमच्या शहराचे नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाकारली गेलेली स्त्री सूड घेते आणि मग तिचा नाश होतो, हाच साचा डिकन्स यांनीही वापरला आहे, असे माझे मत आहे. चूक असल्यास दुरुस्त करावे.
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण दिलेली तुलना मला महत्त्वाची वाटते, पण ती जिथे जुळते तिथेच थांबवावी लागेल. शूर्पणखेने उघडपणे मागणी घातली, तिची थट्टा झाली आणि मग तिला विद्रूप केले गेले. कथा तिला लक्षात ठेवते ती सूडामुळे, तिच्या अपमानाचे दुःख कोणी सांगत बसत नाही. हॅविशॅमला मात्र कोणी नाकारलेले नाही, तिला लुबाडलेले आहे. कॉम्पेसन आणि तिचा सावत्र भाऊ यांनी मिळून रचलेला तो कट होता. बापाच्या दारूभट्टीतील भावाचा हिस्सा तिने त्या माणसाच्या सांगण्यावरून मोठी रक्कम देऊन विकत घेतला, कारण आपला नवरा तो व्यवसाय चालवील असे तिला वाटले होते. म्हणजे तिच्या एकटेपणाच्या मुळाशी प्रेमभंग आहे तसा मालमत्तेचा व्यवहारही आहे, आणि ‘प्रेमात वेडी झालेली बाई’ असे म्हणताना आपण तो व्यवहार विसरतो.

आता आगीचा प्रसंग. तो एकोणपन्नासाव्या प्रकरणात आहे आणि त्यातील घटनांचा क्रम फार काळजीपूर्वक लावलेला आहे. पिप तिला भेटायला जातो तेव्हा ती चुलाण्याजवळ, विझत आलेल्या निखाऱ्यांसमोर फाटक्या खुर्चीत बसली आहे, आणि ती पूर्णपणे एकाकी दिसत होती, असे पिप स्वतः म्हणतो. इतकी वर्षे तिच्याकडे पाहून भ्यालेल्या मुलाला ती प्रथमच एकाकी दिसते! हर्बर्टच्या भागीदारीसाठी ती नऊशे पौंड देते. नंतर ती त्याच्यापुढे गुडघे टेकते आणि ‘मी हे काय केले!’ असे पुन्हा पुन्हा म्हणते. त्यापुढे ती जे सांगते ते मला सबंध कादंबरीतील सर्वांत दुःखद वाटते. जॅगर्स यांच्याकडे तिने एक लहान मुलगी मागितली होती ती वाढवायला, माया करायला, आणि आपल्या नशिबी आले त्यातून तिला वाचवायला. एका रात्री त्यांनी झोपलेली मुलगी आणून दिली. मूल दोन-तीन वर्षांचे होते. तिने तिचे नाव एस्टेला ठेवले. आरंभी हेतू एवढाच होता. मुलगी सुंदर निघाली, आणि थोडे थोडे करून हेतू बदलत गेला. एकटेपणावर उपाय म्हणून आणलेले मूल एकटेपणाचेच हत्यार कसे झाले, हे ती स्वतः सांगते आणि त्यात स्वतःला कुठेही सवलत देत नाही.

पिप तिला क्षमा करतो, निघतो, वाड्याच्या मागच्या बागेत आणि दारूभट्टीत फेरी मारतो, आणि सहज वळून वर जाऊन पाहतो तोच तिच्या कपड्यांनी पेट घेतलेला असतो. म्हणजे क्षमा आधी आहे आणि आग नंतर. लेखकाला केवळ शिक्षाच द्यायची असती तर हा क्रम उलटा असता. पिप स्वतःचे हात भाजून घेत तिला विझवतो, आणि विझवायला तो काय ओढतो? त्याच लग्नाच्या टेबलावरचे कापड, सगळ्या कुजलेल्या ढिगाऱ्यासकट. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचा बिछाना त्याच टेबलावर घातला जातो. आपण मेल्यावर येथे ठेवतील असे ती म्हणाली होती, तिथेच ती जिवंतपणी निजते. डॉक्टर असेही सांगतात की जखमा गंभीर असल्या तरी आशा सोडावी अशा नाहीत, खरा धोका मनाला बसलेल्या धक्क्याचा आहे. मध्यरात्रीच्या सुमारास ती भ्रमात जाते आणि तीन वाक्ये सारखी म्हणत राहते : मी हे काय केले, ती प्रथम आली तेव्हा माझ्यासारख्या दुःखातून तिला वाचवावे असेच माझ्या मनात होते, पेन्सिल घे आणि माझ्या नावाखाली ‘मी तिला क्षमा करतो’ असे लिही. पिप सांगतो की त्या तीन वाक्यांचा क्रम ती कधी बदलत नाही, एखादा शब्द कधी गळतो, पण त्या जागी दुसरा शब्द येत नाही.

आपला आक्षेप मी पुरता खोडून काढू शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पश्चात्तापानंतर एस्टेलाला भेटण्याची, तिच्याशी एकदा नीट बोलण्याची संधी लेखकाने तिला दिली नाही. एस्टेला त्या वेळी पॅरिसमध्ये आहे, आणि तिला पत्राने कळवण्याचे वचन पिप डॉक्टरांकडून घेतो. जिला क्षमा मागायची होती तिच्याऐवजी पिपकडे मागावी लागली. कथेला ते सोयीचे होते, तिला नव्हते.

प्रश्न : अशी बाई खरोखर होऊन गेली का? महाविद्यालयात प्रकल्प लिहायचा आहे.
— एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : एका बाईवरून दुसरी बाई जशीच्या तशी उतरवली, असे लेखनात क्वचितच घडते. पण प्रकल्पात खात्रीने घालता येईल अशी एक गोष्ट आहे. डिकन्स यांनी १८५३ मध्ये, म्हणजे कादंबरीच्या सात वर्षे आधी, आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात बालपणीच्या आठवणींचा एक लेख लिहिला. त्यात लंडनच्या बर्नर्स स्ट्रीटवर पांढऱ्या वेशात फिरणाऱ्या एका बाईची आठवण आहे. कोणा श्रीमंत माणसाने लग्न करण्यास नकार दिल्यामुळे ती अशी झाली असावी आणि तो तिचा वधूवेश असावा, असा लहान मुलाचा तर्क तेथे आला आहे. त्या लेखातील सूर थट्टेचा आहे. कादंबरीत तीच थट्टा गंभीर झाली, आणि तेवढ्या सात वर्षांत लेखकाच्या नजरेत काय बदलले याचा विचार आपण प्रकल्पात करावा.

हॅविशॅमच्या घराचे मूळ अधिक स्पष्ट आहे. इंग्लंडमधील रोचेस्टर येथील ‘रिस्टोरेशन हाउस’ या जुन्या वाड्यावरून ते रचले, आणि ‘सॅटिस हाउस’ हे नाव त्याच गावातील दुसऱ्या एका घराचे घेतले. लॅटिनमध्ये ‘सॅटिस’ म्हणजे पुरेसे. हे घर ज्याच्याकडे असेल त्याला आणखी काही नको, असा त्या नावाचा अर्थ एस्टेला पिपला पहिल्याच भेटीत सांगते.

प्रश्न : आमच्या वाड्यात आजीच्या काळी अशा दोन-तीन बायका होत्या असे आई सांगते. त्या कोणाच्या कादंबरीत आल्या नाहीत. मराठीत मिस हॅविशॅमच्या तोडीची एकाकी स्त्री कोणती? आणि पुढच्या महिन्यात आमच्या शेजारणींना या कादंबरीतील थोडे भाग मोठ्याने वाचून दाखवायचे आहेत, तर कोणते निवडावेत?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : मराठीत माझ्या मनात प्रथम यमू येते. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’नंतर तीस वर्षांनी, १८९० पासून, हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून येऊ लागली; यमू ही तिची नायिका. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, आणि येथेच दोघींमधील मोठे अंतर पडते. हॅविशॅमचे घर रिकामे आहे आणि तिच्याकडे पैसा आहे. यमूचे घर माणसांनी गजबजलेले आहे आणि तिच्या हातात काहीच नाही. हॅविशॅमने आपला वधूवेश स्वतः ठेवून घेतला. यमू विधवा झाल्यावर तिचे केस तिच्या इच्छेविरुद्ध काढले गेले. एकीचे केस फुलांसकट पांढरे होतात, दुसरीचे उरतच नाहीत. दोन्ही कादंबऱ्या एकामागून एक वाचल्या की हॅविशॅमच्या मौनाचा अधिक राग येतो, कारण यमूसारखे ‘मी’ म्हणून बोलण्याची सोय तिला मिळाली असती तर कादंबरी कुठे गेली असती, असे वाटत राहते.

आपल्या आईने सांगितलेल्या बायकांविषयी मलाही थोडे लिहायचे आहे. माझे आजोळ जुन्या नाशकातलेच. तेथे आजोबांची एक आत्या होती. नवऱ्याने टाकलेली, असे तिच्याविषयी बोलले जाई, आणि तो शब्द तिच्या देखत उच्चारायला कोणालाही संकोच वाटत नसे. ती पहाटे सर्वांच्या आधी उठून नदीवरून पाणी आणायची, बाळंतिणींचे करायची, पापड-कुरडयांच्या दिवसांत दोन घरचे उरकायची. तिला घड्याळ थांबवता आले नसते. तिच्या घरी घड्याळ नव्हते आणि घरही तिचे नव्हते. महाविद्यालयात शिकत असताना सार्वजनिक वाचनालयातून आणून मी ही कादंबरी प्रथम वाचली, तेव्हा हॅविशॅमच्या दुःखापेक्षा तिच्या घराचाच हेवा वाटला होता. दुःख करायला स्वतःची खोली होती, दार लावून घेता येत होते. पुढे वर्गात बरीच वर्षे ती शिकवताना हा हेवा कमी होत गेला. दार लावून घेतल्यामुळे काय काय बाहेर राहिले हे पिप एकोणपन्नासाव्या प्रकरणात सांगतो : दिवसाचा उजेड बंद करताना तिने कितीतरी अधिक बंद केले, आणि मन बरे करणाऱ्या हजार साध्या गोष्टींपासून स्वतःला तोडून घेतले. आजोबांच्या आत्याला नदीवर रोज दहा जणी भेटत. तिचे दुःख त्यामुळे कमी झाले असे मी म्हणणार नाही, पण तिच्या तोंडून गाणी ऐकल्याचे माझ्या आईला आठवत होते.

वाचनासाठी चार भाग सुचवते. आठव्या प्रकरणातील पहिली भेट, अकराव्यातील टेबल आणि नातेवाईक, अडतिसावे प्रकरण, आणि एकोणपन्नासावे. वेळ कमी असेल तर पहिली दोन गाळा, पण अडतिसावे गाळू नका. तेथे हॅविशॅम आणि मोठी झालेली एस्टेला यांचे पहिले भांडण आहे. हॅविशॅम एस्टेलाकडे माया मागते, आणि एस्टेला अगदी शांतपणे विचारते की आपल्याला जे कधी दिलेच नाही ते आपण कोठून आणून द्यायचे. या अंधाऱ्या खोल्यांत वाढवून मुलीला सूर्यप्रकाश असतो हेच कळू दिले नाही, आणि मग तिने सूर्यप्रकाश ओळखावा अशी अपेक्षा धरली तर ती निराश होणारच, असा दाखला ती देते. एकटी बाई दुसऱ्या एकट्या बाईसमोर बसली आहे, दुसरीला एकटी करणारी पहिलीच आहे, आणि दोघींनाही ते कळते आहे. सबंध कादंबरीत हॅविशॅम इतकी उघडी पडलेली दुसरी जागा नाही, आणि पिप तेथे नुसता पाहणारा आहे. त्याच रात्री झोप न लागल्यामुळे तो बाहेर येतो आणि ती हातात मेणबत्ती घेऊन, हलक्या आवाजात कण्हत, लांब अंधाऱ्या वाटेने जाताना त्याला दिसते. तो उजाडेपर्यंत थांबतो. तिची पावले, तो हलता उजेड आणि ते कण्हणे त्याला रात्रभर मधूनमधून ऐकू आणि दिसू येत राहते.

हे प्रकरण दोघींनी मिळून वाचावे, एकीने एस्टेलाची वाक्ये आणि दुसरीने हॅविशॅमची. हॅविशॅम वाचणाऱ्या बाईंना एवढेच सांगा की आवाज कापरा किंवा घोगरा करू नये; स्वतःच्या नेहमीच्या आवाजात, मुलीशी बोलतात तसे वाचावे.